वाचकांचे प्रश्न : संगणक-तपास शिकताना कुठे अडतं?

डिजिटल फॉरेन्सिकचा, म्हणजे संगणक-फोनमधले पुरावे शोधण्याच्या शास्त्राचा, पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ हे बहुतेक पत्रांत होतं. त्याला वेगळं उत्तर दिलेलं नाही. पडद्यावर आलेली ओळ डिस्कवरच्या कोणत्या बाइटांतून आली हे ज्याला सांगता येतं, त्याचं काम फुकटच्या सॉफ्टवेअरवरही भागतं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला महागडंही पुरत नाही.

प्रश्न : बी.एस्सी. संगणकशास्त्र झालं आहे. डिजिटल फॉरेन्सिकमध्ये पुढे शिकायचं तर महाराष्ट्राच्या आसपास काय आहे? अभ्यासक्रम निवडताना काय बघू? — सातारा

महाराष्ट्र शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. त्यांच्याकडे डिजिटल व सायबर फॉरेन्सिक आणि त्यासंबंधीचा कायदा अशा विषयाच्या पदव्युत्तर पदविकेची चौकशी करा. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. तिचं एक संकुल गोव्यात फोंड्याला आहे. जागा आणि शुल्क त्या त्या वर्षीच्या सूचनेतूनच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

निवडताना माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा अभ्यासक्रमाची पानं वाचा. फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडल्या जातात त्याला, किती तास आहेत? अहवाल लिहिणं आणि उलटतपासणीला सामोरं जाणं यांना गुण आहेत का? कायद्याचा पेपर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ वर आहे का? तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे. अजून फक्त जुन्या साक्ष कायद्यातल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या कलम ६५बी वर थांबलेला अभ्यासक्रम असेल, तर बाकीचा भागही तितकाच शिळा असण्याची शक्यता धरा.

प्रवेशाआधी एक गोष्ट हाताने करून पाहा. जुन्या पद्धतीच्या एमबीआर विभागणीची (विभागांची यादी पहिल्या सेक्टरात ठेवणारी) पेनड्राइव्ह घ्या आणि तिचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडा. ४४६ व्या ऑफसेटपासून (ऑफसेट म्हणजे सुरुवातीपासूनचं बाइटांतलं अंतर) १६-१६ बाइटांच्या चार नोंदी सुरू होतात, आणि सेक्टरचे शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए असतात. एका नोंदीतला आठव्या ऑफसेटपासूनचा चार बाइटांचा आकडा म्हणजे विभागाचा पहिला सेक्टर. तिथे ‘०० ०८ ०० ००’ दिसलं तर ते उलट्या क्रमाने वाचायचं : हेक्समध्ये ८००, म्हणजे २०४८. त्याला ५१२ ने गुणलं की १०,४८,५७६ वा बाइट. तिथे विभागाचा बूट सेक्टर सापडलाच पाहिजे. हे करताना कंटाळा आला, तर हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही हेही स्वस्तात कळेल.

प्रश्न : घरी सराव करायला काय लागेल? कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून एकदाच नंबर लागतो. — नांदेड

१६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी आणि इमेज (डिस्कची बाइट-न्-बाइट प्रत) ठेवायला एक बाहेरची मोठी हार्ड डिस्क एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो. ३२ जीबी रॅम असेल तर दोन आभासी मशिनं एकदम चालवता येतात. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका : डिस्क तपासायला ऑटोप्सी आणि त्यामागचं स्लूथ किट, इमेज घ्यायला एफटीके इमेजर, रॅम तपासायला व्होलाटिलिटी, आणि केन नावाची लिनक्स. केन जोडलेली डिस्क आपणहून लिहिण्यासाठी उघडत नाही, म्हणून नवशिक्याला ती बरी.

तयार इमेजमध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेच्या सीएफरेड्स संग्रहातलं ‘हॅकिंग केस’ आणि ‘डेटा लीकेज केस’, तसंच डिजिटल कॉर्पोरातलं ‘एम५७ पेटंट्स’ ही प्रकरणं भरपूर आहेत. त्यांची उत्तरं मात्र सगळीकडे फिरतात, आणि उत्तर माहीत असलं की डोळे तेवढंच शोधतात.

त्यापेक्षा स्वतःचा पुरावा स्वतः घडवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ४० जीबीच्या आभासी डिस्कवर विंडोज बसवा. एका कागदावर वीसेक कृती ठरवा : फाइल तयार केली, नाव बदललं, पेनड्राइव्ह लावली, पेनड्राइव्हवरची फाइल उघडली, एक फाइल रिसायकल बिनमध्ये टाकली, दुसरी शिफ्ट दाबून कायमची उडवली. प्रत्येक कृती करताना घड्याळाची वेळ सेकंदासह लिहा. मशिन बंद करा, डिस्कचं रॉ इमेजमध्ये रूपांतर करा आणि कागद मित्राकडे देऊन टाका. आठवड्याने इमेजवरून घटनाक्रम मांडा आणि मग कागद परत मागा. न सापडलेल्या कृतींचं काय झालं हे शोधण्यात खरा अभ्यास होतो. काही कृतींचा मागच राहत नाही, काहींचा राहतो पण तुम्ही चुकीच्या जागी पाहिलेलं असतं. हा फरक तयार प्रकरणांतून कळत नाही.

प्रश्न : एकाच डिस्कच्या दोन इमेज घेतल्या, दोन्हींचे हॅश वेगळे आले. डिस्क खराब आहे की माझी पद्धत? — एम.एस्सी. प्रथम वर्ष, नाशिक

हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा; एक बाइट बदलला तरी तो बदलतो. डिस्कला दोष देण्याआधी आकडा कशाचा काढला ते बघा. एफटीके इमेजर ई०१ प्रकारची इमेज करतं तेव्हा अहवालात छापलेला हॅश आतल्या मजकुराचा असतो. त्याच ई०१ फाइलवर तुम्ही टर्मिनलमधून एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) चालवलं, तर तो आवरणासकट फाइलचा हॅश येतो. ई०१ मध्ये संकुचन असतं, प्रकरणाची माहिती आणि वेळ असते; त्यामुळे तो जुळणारच नाही. तपासायचं असेल तर ई०१ च्या आतला हॅश पडताळणारं ईडब्ल्यूएफ-व्हेरिफाय वापरा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकदा पूर्ण डिस्क, लिनक्समधली ‘एसडीबी’, घेणं आणि एकदा फक्त पहिला विभाग, ‘एसडीबी१’. दोन्ही इमेजचा आकार बाइटांत ताडून पाहा, लगेच कळेल.

आकार सारखा आणि हॅश वेगळा असेल, तर बहुधा मधल्या काळात कुणीतरी लिहिलंय. पेनड्राइव्ह विंडोजला जोडली की ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर तयार होऊ शकतं. लिनक्सच्या डेस्कटॉपने ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) विभाग आपणहून माउंट केला, म्हणजे वापरायला उघडला, की सुपरब्लॉकमधली (तिच्या मुख्य नोंदीतली) माउंटची वेळ आणि संख्या बदलते. ‘फक्त वाचण्यासाठी’ हा पर्याय देऊनही ईएक्सटी४ आपला अपुरा राहिलेला जर्नल (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवू शकतं; म्हणून ‘आरओ’ बरोबर ‘नोलोड’ द्यावं लागतं. वर्गात हे हमखास गळतं.

डिस्कवर खराब सेक्टर असतील तर गोष्ट आणखी वेगळी. डीडी या प्रत काढणाऱ्या आज्ञेला ‘नोएरर’ (चूक आली तरी पुढे जा) दिलं आणि ‘सिंक’ (न वाचलेली जागा शून्यांनी भर) विसरलं, तर न वाचलेल्या जागेएवढा मजकूर गाळून पुढचं सगळं अलीकडे सरकतं. त्यानंतरचा प्रत्येक ऑफसेट चुकतो आणि फाइल सिस्टिम उघडतच नाही. ‘सिंक’ दिलं तरी ब्लॉक १ एमबीचा असेल, तर एका खराब सेक्टरपायी शेजारचा चांगला मजकूरही शून्यांनी भरला जाऊ शकतो. दोन वेळा वेगळा ब्लॉक घेतला की हॅश वेगळे. अशा डिस्कला डीडीरेस्क्यू लावा आणि त्याची मॅप फाइल पुराव्यासोबत जपा : कोणते सेक्टर वाचता आले नाहीत हे तिच्यात असतं, आणि अहवालात तेच लिहायचं असतं.

राहिली एसएसडी. फाइल उडवल्यावर विंडोज ड्राइव्हला ट्रिम आज्ञा देते. ते ब्लॉक प्रत्यक्ष पुसण्याचं काम ड्राइव्हचा कंट्रोलर सवडीने करतो. राइट ब्लॉकर संगणकाकडून येणारं लिखाण अडवतो, कंट्रोलरच्या आतल्या कामाला तो हात लावू शकत नाही. वीज मिळाली की ते काम चालू. म्हणून एसएसडीची पहिली इमेज हीच पुरावा. ती घेतानाच हॅश काढा, पडताळा, दोन प्रती करा. मूळ ड्राइव्ह पुन्हा पुन्हा जोडू नका.

वेळेचा अंदाज आधी बांधून ठेवा. १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तर २ तास ४७ मिनिटं लागतात, पडताळणीला जवळपास तेवढीच पुन्हा. तीच डिस्क यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीने वाचायला बसलात, तर सव्वानऊ तास. प्रात्यक्षिकाच्या तीन तासांत १ टीबी डिस्क देणाऱ्या शिक्षकांना हा हिशेब दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : ऑटोप्सीमध्ये फाइलची वेळ आदल्या रात्रीची दिसते. शिवाय ‘तयार केल्याची’ वेळ ‘बदलल्याच्या’ नंतरची आहे. कुणी छेडछाड केली असेल का? — कोल्हापूर

दोन्हीला बहुधा साधं कारण आहे.

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं : १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांचे किती तुकडे झाले तो आकडा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. १२ ऑगस्टला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी बदललेली फाइल यूटीसीत ११ ऑगस्टच्या रात्री ८ वाजून ४० मिनिटांची दिसते. तास तर बदलतातच, तारीखही बदलते. ऑटोप्सीत वेळ स्थानिक दाखवायची की यूटीसी, हे तुम्हीच ठरवता. फॅट३२ (जुनी, साधी फाइल सिस्टिम) ची पेनड्राइव्ह असेल तर उलटं संकट : तिथे संगणकाचं स्थानिक घड्याळ जसंच्या तसं लिहिलेलं असतं, कोणत्या टाइम झोनचं ते नोंदवलेलं नसतं. त्यात बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि शेवटच्या वापराची फक्त तारीख. दोन्ही स्रोत एका तक्त्यात मांडताना स्तंभाच्या डोक्यावर ‘यूटीसी’ किंवा ‘भा.प्र.वे.’ (भारतीय प्रमाणवेळ) लिहिलं नाही, तर तो तक्ता टाकाऊ समजा.

‘तयार’ची वेळ ‘बदल’नंतरची असणं हे विंडोजमध्ये कॉपीचं नेहमीचं लक्षण. कॉपी केली की नवीन फाइलला तयार केल्याची वेळ आत्ताची मिळते, बदलाची वेळ मूळ फाइलची राहते. त्याच विभागात फाइल हलवली तर दोन्ही जुन्याच राहतात.

छेडछाडीचा संशय असेल तर मास्टर फाइल टेबलमधली (एनटीएफएसच्या फाइलींच्या यादीतली) त्या फाइलची नोंद, जी साधारणपणे १०२४ बाइटांची असते, उघडा. वेळा तिथे दोन ठिकाणी असतात : ‘स्टँडर्ड इन्फर्मेशन’ आणि ‘फाइल नेम’ या दोन गुणधर्मांत. वेळ बदलणारी साधी साधनं पहिलीलाच हात लावतात. पहिल्या ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणच्या वेळेपेक्षा जुनी असेल, सेकंदाच्या पुढचे सगळे आकडे शून्य असतील, तर थांबून बघण्यासारखं आहे. पण एवढ्यावर ‘छेडछाड’ लिहू नका. झिपमधून काढलेल्या फाइलचंही असंच दिसू शकतं. आणि वेळ बदलल्यावर फाइलचं नाव बदललं, तर खोटी वेळ दुसऱ्या ठिकाणीही उतरते. खात्रीसाठी यूएसएन जर्नल (एनटीएफएसची बदलांची नोंदवही) बघा. घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे त्यातून कळतं.

प्रश्न : फोटोरेकने मेमरी कार्डवरून उडवलेले फोटो काढले. नावं गेली, आणि काही फोटो अर्धे करडे आहेत. — पणजी

सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसंच फाइल उडवण्याचं आहे. फॅट३२ मध्ये फाइल उडवली की तिच्या नोंदीचा पहिला बाइट ई५ होतो आणि क्लस्टरांची (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यांची) साखळी शून्य होते. सुरुवातीचा क्लस्टर आणि आकार बहुतेक वेळा शाबूत असतो. फोटोरेक या नोंदींकडे बघतच नाही. ‘एफएफ डी८ एफएफ’ ने सुरू होणारा तुकडा दिसला की जेपीईजी म्हणून सलग वाचत जायचं, एवढंच त्याचं काम. नाव त्या मजकुरात नसतं, म्हणून मिळत नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी स्लूथ किटमधल्या एफएलएसने उडवलेल्या नोंदींची यादी काढा, आयकॅटने त्या फाइली काढा. नाव आणि वेळ सोबत येतील. मग बीएलकेएलएसने फक्त मोकळी जागा वेगळी करून तिच्यावर फोटोरेक चालवा. अर्ध्या करड्या फोटोंत एक तर पुढचा भाग दुसऱ्या फाइलीखाली गेला आहे, नाही तर फाइल तुकड्यांत होती आणि मध्ये परका मजकूर शिरला. पहिल्याला इलाज नाही. दुसऱ्यात पुढचा तुकडा शोधता येतो, पण ते तासन्‌तासांचं काम आहे. कॅमेऱ्याच्या जेपीईजीत बहुधा छोटी लघुप्रतिमाही असते, स्वतःच्या ‘एफएफ डी८’ सह. मोठा फोटो गेला तरी ती पूर्ण निघू शकते, आणि ओळख पटवायला कधी तेवढी पुरते.

प्रश्न : व्होलाटिलिटी ३ रॅमच्या इमेजवर काहीच दाखवत नाही. इमेज फुकट गेली का? — नागपूर

लॅबच्या मशिनला इंटरनेट आहे का ते बघा. विंडोजच्या इमेजसाठी हे सॉफ्टवेअर नेमक्या कर्नलच्या (विंडोजच्या गाभ्याच्या) चिन्हांचा तक्ता मायक्रोसॉफ्टकडून उतरवून घेतं. फॉरेन्सिक लॅब नेटपासून तोडलेली असते, तक्ता मिळत नाही, उत्तर कोरं. दुसऱ्या मशिनवर तक्ता मिळवून योग्य फोल्डरात ठेवा. लिनक्सच्या इमेजला तर नेमक्या त्याच कर्नल आवृत्तीचा तक्ता स्वतः बनवावा लागतो.

इमेज व्हीएमवेअरच्या आभासी मशिनमधली असेल तर ‘व्हीएमईएम’ फाइल एकटी उचलू नका. शेजारची ‘व्हीएमएसएस’ किंवा ‘व्हीएमएसएन’ सोबत ठेवा. रॅममधल्या पानांचा नकाशा तिच्यात असतो.

आणखी एक, कारण पुढचा प्रश्न हाच येतो. व्होलाटिलिटीच्या पीएसलिस्टमध्ये नसलेली प्रक्रिया पीएसस्कॅनमध्ये दिसली म्हणजे लपवलेला व्हायरस सापडला, असं नाही. पहिली आज्ञा कर्नलची चालू यादी वाचते, दुसरी सगळी रॅम चाळते. बंद पडलेल्या प्रक्रियांचे अवशेष तिला दिसतातच. संपल्याची वेळ नोंदलेली आहे का ते आधी पाहा.

प्रश्न : सरावासाठी माझ्याच फोनचा व्हॉट्सॲप डेटाबेस साध्या एसक्यूलाइट ब्राउजरमध्ये उघडला. शेवटच्या दिवसाचे संदेश नव्हते. दुसऱ्यांदा सगळ्या फाइली घेऊन उघडला, तर दिसले, पण एक फाइल गायब झाली! — पुणे

गायब झालेली फाइल ‘-वॉल’ शेपटीची असणार. एसक्यूलाइट नव्या नोंदी आधी तिच्यात लिहितं आणि ठरावीक वेळाने मुख्य डेटाबेसमध्ये ओततं. मुख्य फाइल एकटी उचलली की ताजे संदेश मागे राहतात. तिन्ही फाइली (मुख्य, ‘-वॉल’ आणि सोबतची ‘-एसएचएम’) एकत्र ठेवून लिहू शकणाऱ्या ब्राउजरमध्ये उघडल्या, तर बंद करताना सगळं मुख्य फाइलीत ओतून ‘-वॉल’ पुसली जाते. तिच्यात त्याच पानाच्या जुन्या आवृत्त्या असतात, म्हणजे नंतर उडवलेला संदेशही तिथे असू शकतो. तो तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात.

म्हणून मुख्य फाइल, ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ तिन्हींचे हॅश घ्या आणि दोन प्रती करा. एका प्रतीत मुख्य फाइल एकटी ‘इम्युटेबल’ (काहीही न लिहिणाऱ्या) पद्धतीने उघडा, दुसरीत तिन्ही एकत्र. दोन्ही निकालांतला फरक हाच ताज्या घडामोडींचा भाग. ‘-वॉल’ची अस्पर्श प्रत हेक्समध्ये वेगळी वाचा.

वेळेचे आकडेही सांभाळा. व्हॉट्सॲपच्या अँड्रॉइड डेटाबेसमधला १३ अंकी आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद; १००० ने भागा. आयफोनच्या अनेक डेटाबेसमध्ये मोजणी १ जानेवारी २००१ पासून होते, तिथे सेकंदांत ९७,८३,०७,२०० मिळवायचे. क्रोम १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद ठेवतं. एखादा संदेश १९९० च्या दशकातला दिसला, तर फोन नव्हे, तुमची मोजणी बघा.

प्रश्न : अहवालात ‘आरोपीने गोपनीय फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली’ असं लिहिलं म्हणून गुण कापले. रजिस्ट्रीत पेनड्राइव्ह होती, एलएनके फाइलही होती. आणखी काय हवं? — मुंबई

गुण बरोबर कापले. एकेक दुवा काय सांगतो ते बघा. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या) ‘यूएसबीस्टोर’ खाली त्या प्रकारची, त्या अनुक्रमांकाची पेनड्राइव्ह या विंडोजला जोडली होती हे कळतं. पहिल्यांदा आणि शेवटी कधी जोडली, शेवटी कधी काढली, हेही कळू शकतं. अनुक्रमांकातलं दुसरं अक्षर ‘&’ असेल तर तो क्रमांक विंडोजने स्वतः दिलेला आहे, यंत्राचा नाही; त्यावरून ‘हीच ती पेनड्राइव्ह’ म्हणता येत नाही. एलएनके फाइल, म्हणजे विंडोजने केलेला शॉर्टकट, सांगते की एका खात्यातून, अमुक व्हॉल्यूम क्रमांकाच्या ड्राइव्हवरची, अमुक नावाची फाइल उघडली गेली. म्हणजे उघडताना ती तिथे होती. ती या संगणकावरून गेली की दुसरीकडून आली, हे त्यात नाही. विंडोज नेहमीच्या मांडणीत ‘फाइल कॉपी केली’ अशी नोंद ठेवत नाही.

आणि ‘आरोपी’ तर कुठेच नाही. खातं आहे. त्या वेळी खुर्चीत कोण होतं हे हजेरीचं यंत्र, सीसीटीव्ही, साक्षीदार सांगतील. डिस्क सांगणार नाही.

वाक्य असं लिहा : ‘अमुक खात्यात लॉगिन असताना, अमुक तारखेला अमुक वाजता (भा.प्र.वे.), अमुक व्हॉल्यूम क्रमांकाच्या काढता येणाऱ्या ड्राइव्हवरची अमुक नावाची फाइल उघडली गेल्याची नोंद आढळते. पेनड्राइव्ह तपासणीसाठी मिळालेली नाही.’ पेनड्राइव्ह मिळाली आणि तिच्यावरच्या फाइलीचा हॅश संगणकावरच्या फाइलीशी जुळला, तर एक पाऊल पुढे जाता येतं. बचावाचा वकील ‘दुसरं काही कारण असू शकतं का?’ एवढंच विचारतो, तेव्हा त्या दुसऱ्या कारणांचा विचार अहवालात आधीच झालेला असावा.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दल विद्यार्थ्याला नेमकं काय माहीत असावं? — जालना

तुमच्या जिल्ह्यातूनच हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतल्या जालना मतदारसंघाच्या वादात, अर्ज दाखल होताना निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झालेलं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. अधिकाऱ्यांकडे मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं की प्रत सादर करताना कलम ६५बी चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर त्याची गरज नाही. आणि संबंधित व्यक्ती प्रमाणपत्र देत नसेल, तर ते मिळवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

आता ते कलम साक्ष अधिनियमात ६३ झालं आहे. ६३(४) खालच्या प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात आहे आणि त्याला दोन भाग आहेत. भाग ‘अ’ रेकॉर्ड सादर करणाऱ्या पक्षाचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. यंत्राचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय यांसाठी रकाने आहेत. हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायचं असतं. नमुन्यात एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ आणि ‘इतर’ असे पर्याय आहेत. एमडी५ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश) २००४ मध्ये आणि एसएचए१ ची २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली गेली आहे, म्हणून एसएचए२५६ वर खूण करा. तो ६४ अंकी असतो. हाताने उतरवताना चुकतोच; छापूनच घ्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात) कलम १०५ खाली झडती-जप्तीचं चित्रीकरण आलं आहे, आणि कलम १९३ खाली तपास अहवालात इलेक्ट्रॉनिक यंत्राचा ताबा कुणाकडून कुणाकडे गेला तो क्रम द्यावा लागतो. तेव्हा सरावाच्या मुद्देमालालाही ताब्याचा तक्ता जोडण्याची सवय लावा : तारीख, वेळ, देणारा, घेणारा, सीलची स्थिती. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र) असेल तर त्याचा पडदा आणि नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाइल एकाच फोटोत घ्या. डीव्हीआरची घड्याळं चुकलेली असतातच, आणि तो फरक नंतर सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : जप्तीच्या वेळी चालू संगणक बंद करायचा की नाही? पुस्तकांत दोन्ही सापडतं. — अमरावती

जुनी पुस्तकं वायर खेचायला सांगतात. ती डिस्क उघडी असण्याच्या काळातली. आज बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हातात नसेल, तर वायर खेचल्यावर कुलूपबंद डिस्क उरते. आधी पडद्याचा फोटो, मग रॅम, मग एन्क्रिप्शनची स्थिती. चालू असेल तर उघड्या व्हॉल्यूमची इमेज तिथल्या तिथे. फाइली डोळ्यांसमोर पुसल्या जात असतील तर मात्र वायर खेचा. रॅम घेताना तुमचं साधनही रॅममध्ये जागा घेतं, काही पानं बदलतात. ते टाळता येत नाही. साधनाचं नाव, आवृत्ती आणि सुरू केल्याची वेळ नोंदवा.

प्रश्न : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या हार्ड डिस्क आणून सराव करावा का? प्रबंधालाही वापरता येतील. — ठाणे

डिस्क आणा, पण आधी पूर्ण शून्यांनी भरा, शून्यं भरली गेली हे वाचून तपासा आणि मग आपला मजकूर टाका. आधीच्या मालकाचे फोटो, बँकेची कागदं, खाजगी पत्रं त्यांवर असू शकतात; त्याची परवानगी तुमच्याकडे नाही. प्रबंधासाठी असा मजकूर वापरायचा तर संस्थेच्या नीतिसमितीची लेखी मान्यता लागेल, आणि ती मिळणं अवघड. मित्राचा फोन घेतलात तरी लेखी संमती घ्या, आणि त्यात काय बघणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार ते लिहा. त्याच्या फोनमध्ये इतरांचे संदेशही आहेत, त्यांची संमती त्याने दिलेली नाही. म्हणून कोऱ्या फोनवर दोन नवी खाती काढून तुम्हीच दोघांनी ठरवून संवाद केलात, तर प्रबंध लवकर उरकतो. शिवाय खरं उत्तर तुमच्याकडे लिहिलेलं असतं. साधनाने किती पकडलं आणि किती सोडलं, हे मोजायचं असेल तर तेच लागतं.